वादविवादाचा संघ परदेशी नेताना

प्रश्न एका प्राध्यापिकेचा आहे. नाशिकमधल्या त्यांच्या महाविद्यालयाचे दोन विद्यार्थी डिसेंबरअखेरीस युरोपात होणाऱ्या विद्यापीठ पातळीवरच्या आंतरराष्ट्रीय वादविवाद स्पर्धेला जाणार आहेत. स्पर्धा ब्रिटिश संसदीय पद्धतीची आहे. नियमानुसार संघाबरोबर एक परीक्षकही न्यावा लागतो, म्हणून तिसरा विद्यार्थी त्या नात्याने येतो आहे. त्या स्वतः मराठी शिकवतात आणि आजवर परदेशी गेलेल्या नाहीत. तयारी कशी करून घ्यावी, कागदपत्रांत काय चुकतं, पालकांना काय सांगावं आणि मुलं पहिल्याच दिवशी हरली तर आपण काय करावं, असं त्यांनी विचारलं आहे.

मॅडम, एक गोष्ट आधी सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. या पद्धतीत विषय जाहीर झाला की मुलांना तयारीसाठी पंधरा मिनिटं मिळतात. त्या वेळात शिक्षकाशी बोलता येत नाही आणि इंटरनेट बघता येत नाही. दोघांनी आपल्या डोक्यातलं आणि फार तर छापून नेलेल्या कागदांतलं वापरायचं. तेव्हा तुम्ही व्हरांड्यात असता. म्हणून तुमच्याकडे देण्यासारखं जे काही आहे, ते मुंबईहून विमान सुटायच्या आधीच देऊन व्हायला हवं. मी सतरा वर्षं नाशिकमध्ये मुलांकडून वादविवादाची तयारी करून घेते आहे. मुलांना घेऊन देशाबाहेर गेले तेव्हा पहिल्या दौऱ्यात मला हे उमगलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना गाठून मुद्दे सांगत बसायचे. मुलं माझ्याकडे बघत जेवायची, पण जेवण अर्धंच राहायचं आणि दुपारच्या फेरीत दोघांचेही आवाज बसलेले असायचे.

आता तयारी. आपली मुलं वक्तृत्व स्पर्धांवर वाढलेली असतात. आपल्या गावात बोलण्याला मान आहे. गोदाकाठी मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला भरते आणि माणसं रोज संध्याकाळी नुसती ऐकायला येऊन बसतात. या वातावरणातून आलेल्या मुलाला आवाजाची फेक, थांबायचं कुठे, श्रोत्यांकडे बघायचं कसं हे शिकवावं लागत नाही. मात्र सात मिनिटांचं पाठ भाषण, सुरुवातीला एक सुभाषित आणि शेवटी कवितेच्या दोन ओळी ही सवय तिथे आडवी येते. एका खोलीत चार संघ असतात, दोन सरकार पक्षाचे आणि दोन विरोधी. प्रत्येक संघात दोघं, प्रत्येकाला सात मिनिटं, म्हणजे एकूण छप्पन्न मिनिटांची चर्चा. पहिल्या आणि सातव्या मिनिटात कुणी मध्ये बोलू शकत नाही. मधल्या पाच मिनिटांत समोरच्या बाकावरचा कुणीही उभा राहून मुद्दा मांडू बघतो. तो स्वीकारायचा की नाही, हे बोलणारा ठरवतो. शेवटी चारही संघांचे क्रम लागतात आणि ३, २, १, ० असे गुण मिळतात.

आपली मुलं कुठे अडकतात? मागच्या बाकावर. तिसऱ्या आणि चौथ्या क्रमाने बोलणाऱ्या संघांनी आपल्याच बाजूच्या पहिल्या संघाला खोडायचं नसतं, पण त्यानं सांगितलं त्यापेक्षा काहीतरी नवं आणायचं असतं. याला आम्ही ‘विस्तार’ म्हणतो. वक्तृत्वातला मुलगा इथे पहिल्या संघाचाच मुद्दा अधिक सुंदर भाषेत मांडतो आणि चौथा येतो. बाहेर आल्यावर म्हणतो, ‘मॅडम, माझं भाषण सगळ्यात चांगलं झालं होतं.’ आणि ते खरंही असतं. म्हणून सरावाच्या निम्म्याहून जास्त फेऱ्या मागच्या बाकावरून घ्या. आठ माणसं एका महाविद्यालयात जमत नाहीत, तर विधी, अभियांत्रिकी, कला अशा गावातल्या वेगवेगळ्या महाविद्यालयांतून मुलं गोळा करा आणि शनिवारची दुपार ठरवून टाका. तीन आठवडे टिकलं की पुढे मुलंच ते चालवतात.

दुसरी गोष्ट म्हणजे उदाहरणं. एकदा शेतमालाच्या निर्यातीवरच्या विषयात माझ्या विद्यार्थिनीनं लासलगावचं उदाहरण दिलं. तिचं घर निफाड तालुक्यातलं. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारनं कांदा निर्यातबंदी लागू केली, तेव्हा बाजार समितीत काय झालं ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिचं बोलणं कळवळ्याचं होतं. पण परीक्षक आफ्रिकेतल्या आणि पूर्व युरोपातल्या देशांचे होते. लासलगाव म्हणजे काय, बंदीनं भाव का पडतो, साठवणूक किती दिवस टिकते, यातलं काहीच तिनं सांगितलं नाही, कारण तिच्या मते ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिला शेवटचा क्रम मिळाला. या स्पर्धेत परीक्षकानं स्वतःला जगाची सर्वसाधारण माहिती ठेवणारा समंजस नागरिक समजून ऐकायचं असतं. स्वतःचं खास ज्ञान त्यानं बाजूला ठेवायचं असतं. त्यामुळे कार्यकारण बोलणाऱ्यानंच उलगडायला हवं. परत आल्यावर आम्ही तेच उदाहरण चार वाक्यांत बांधलं: हा देशातला कांद्याचा फार मोठा बाजार आहे, परदेशी गिऱ्हाईक एका रात्रीत नाहीसं झालं, खरीपाचा कांदा फार दिवस साठवता येत नाही, म्हणून शेतकऱ्याला पडेल त्या भावात विकावं लागतं. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण तोवर तो हंगाम गेला होता, हे पाचवं वाक्य तिनं स्वतः जोडलं. पुढच्या वर्षी तेच उदाहरण तिनं व्यापारावरच्या वेगळ्याच विषयात वापरलं आणि संघ पहिला आला. तुमच्या मुलांकडेही अशी पाच-सहा उदाहरणं असतील. द्राक्षबागांतलं मजुरांचं स्थलांतर, कुंभमेळ्याचं नियोजन, नदीत जाणारं सांडपाणी. ती आत्ताच काढून घ्या आणि प्रत्येकाची चार वाक्यं करून घ्या. लंडन-न्यूयॉर्कची उदाहरणं सगळेच देतात.

तयारीच्या कागदावर मुलांना मराठीत लिहू द्या. तुम्ही मराठीच्या आहात, म्हणून हे आग्रहानं सांगते. घाईत माणूस ज्या भाषेत विचार करतो त्याच भाषेत त्याला दुवे सुचतात. माझी दोन-तीन मुलं मुद्दे मराठीत खरडतात आणि बोलताना इंग्रजीत उभे करतात. त्यांचं इंग्रजी त्यामुळे थोडं सावकाश होतं, आणि ते फायद्याचंच ठरतं.

याला जोडूनच भाषागटाचं सांगते. अशा स्पर्धांत इंग्रजी ही दुसरी भाषा असणाऱ्यांसाठी आणि ती परकी भाषा म्हणून शिकलेल्यांसाठी बाद फेऱ्यांचे वेगळे गट असतात. नोंदणीच्या वेळी मुलांना विचारतात की तुम्ही किती वर्षं इंग्रजीतून शिकलात, घरी कोणती भाषा बोलता. गरज वाटल्यास छोटी मुलाखतही घेतात. मराठी माध्यमातून आलेली आपली मुलं इथे लाजतात आणि खुल्या गटातच राहतो म्हणतात. असं होऊ देऊ नका. खरं आहे ते लिहायला सांगा आणि शाळा सोडल्याचा दाखला बरोबर ठेवा. त्या गटातून अंतिम फेरी गाठणारी मुलं कुठल्याही अर्थानं दुय्यम नसतात. खुल्या गटाची दारंही त्यांना उघडीच असतात.

आता तुमचा तिसरा विद्यार्थी. तो ‘परीक्षक म्हणून’ येतो आहे, असं तुम्ही अगदी सहज लिहिलं आहे. बहुतेक संस्थांचं हेच चुकतं. सहसा नियम असा की जितके संघ, त्यापेक्षा एकच कमी परीक्षक चालतो. पण एकुलता एक संघ पाठवणाऱ्याकडूनही बऱ्याच ठिकाणी परीक्षक मागतात, तसा तुमच्याकडून मागितला आहे. मग जो निवडीत मागे राहिला, त्याला ‘चल, तू परीक्षक हो’ म्हणतात. तो मुलगा उदास मनानं येतो. खरं तर तिघांत सगळ्यात जास्त शिकून तोच परततो. रोज तीन-तीन चर्चा तो ऐकतो, जगभरातल्या परीक्षकांबरोबर बसून क्रम लावतो, आपला निर्णय पटवून देतो. त्याचीही चाचणी होते, गुण मिळतात आणि बाद फेऱ्यांसाठी परीक्षकांचीही निवड होते. त्याला आत्तापासून कामाला लावा. ध्वनिमुद्रित चर्चा ऐकवा, कागदावर दोन्ही बाजूंचे मुद्दे ओळीनं उतरवायला लावा आणि निकाल तीन मिनिटांत तोंडी सांगायला लावा. तो सकाळी उठला नाही, फेरीला गेला नाही, तर त्याचा भुर्दंड संघाला पडू शकतो, हेही त्याला ठाऊक असू द्या. त्याला आपल्या संघाचा निकाल द्यायला बसवत नाहीत. जवळचे मित्र दुसऱ्या संघांत असतील तर तेही आधी लिहून कळवायचं असतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण प्रत्येक देशाचे नियम त्या देशाच्या दूतावासाकडूनच बघायचे असतात. पण एक अडचण खास आपल्याकडची आहे. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर नाव आणि आडनाव वेगळ्या रकान्यांत असतं आणि काहींचा आडनावाचा रकाना रिकामाच असतो. तिकीट गुणपत्रिकेवरून काढलं की उलटापालट होते. माझ्या एका विद्यार्थ्याचं तिकीट असंच निघालं आणि नाव दुरुस्त होईपर्यंत आम्ही दोन दिवस फोनला चिकटून होतो. तिकीट, व्हिसाचा अर्ज, विमा आणि स्पर्धेची नोंदणी, चारही ठिकाणी पासपोर्टवर आहे तसंच नाव लिहा, अक्षरानं अक्षर जुळवून.

शेंगेन देशांपैकी, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांपैकी, एखाद्या देशात जात असाल तर पासपोर्ट परतीच्या तारखेपुढे किमान तीन महिने चालणारा हवा, गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवसांच्या आत आला तर घेत नाहीत. तुम्ही पंधरा दिवसांवर थांबू नका. नाताळच्या आधी गर्दी असते, बोटांचे ठसे द्यायला मुंबई वा पुणे गाठावं लागतं आणि भेटीची वेळच आठवडे-आठवडे मिळत नाही. महाविद्यालयाचं पत्र, आयोजकांचं निमंत्रण, खर्च कोण करणार याचं लेखी पत्र आणि पैसे भरणाऱ्याचं बँक खातेपुस्तक, एवढं प्रत्येकाच्या फाइलमध्ये असू द्या. कुणी अठरा वर्षांखालचा असेल तर दोन्ही पालकांचं संमतीपत्रही लागतं. पुणे विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षांच्या तारखाही आत्ताच बघा. प्राचार्यांशी बोलणं ऐन वेळेवर ठेवलं तर दोन्हीकडून अडचण होते.

फाइल तुमच्या बॅगेत ठेवू नका. प्रत्येकाची फाइल प्रत्येकाच्या हातात, आणि तुमच्याकडे सगळ्यांच्या प्रती. इमिग्रेशनच्या खिडकीपुढे मुलगा एकटा उभा असतो. ‘कशाला चाललात, कुठे राहणार, कधी परतणार’ याची उत्तरं त्याला ‘आमच्या मॅडमना विचारा’ म्हणून देता येत नाहीत. पासपोर्ट हरवला तर आधी तिथल्या पोलिसांत तक्रार द्यायची, मग भारतीय दूतावासात जायचं. परतीसाठी तिथून तात्पुरतं प्रवासपत्र मिळतं. दूतावासाचा फोन नंबर कागदावर लिहून खिशात असू द्या, कारण मोबाइल बंद पडतो तेव्हाच त्याची गरज लागते.

विमानतळाचं गणित एकदा शांतपणे मांडा. मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर २७ तारीख, रात्री ००:३०, असं असेल तर घरून २६ च्या दुपारी निघायचं. एका पालकांनी २७ च्या दुपारची गाडी ठरवली होती. तो मुलगा वाचला, कारण आदल्या दिवशी मी सगळ्यांना फोन केले होते. कसारा घाटात एखादा ट्रक बंद पडला की सगळा हिशेब कोलमडतो. विमान सुटायच्या चार तास आधी सहारला पोहोचायचं असं धरा आणि त्याच्या आधी प्रवासासाठी सहा तास ठेवा. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच, मोठ्या बॅगेत नाही. सुकं खोबरं मोठ्या बॅगेत चालत नाही, ते काढून घेतात. आणि दिवाळीचे उरलेले अनारसे कुणी आईनं बांधून दिले असतील तर दुबई किंवा अबूधाबीवरून जाताना ते नेऊ नका. अनारशावर खसखस असते आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. आईचा जीव तुटेल, पण कारण सांगितलं की तीही समजून घेते.

खाण्याचं मुद्दाम सांगते. मेतकूट, भडंग, थेपले, पाण्यात उकळून होणारा उपमा, एवढं प्रत्येकानं न्यावं. पण खोलीत बसून तेच खात राहू देऊ नका. तिथे सकाळी आठला निघालेली मुलं संध्याकाळी सातला परततात. मधल्या वेळेत जेवणाच्या रांगेत मलेशियाचा, नायजेरियाचा, सर्बियाचा मुलगा शेजारी उभा असतो. त्याच्याशी ‘तुम्हाला कुठला विषय आला होता’ एवढं बोलणंच पुढच्या दहा वर्षांच्या ओळखीला पुरतं. शाकाहारी मुलांची नोंद नोंदणीच्या वेळीच करा आणि तिथे गेल्यावर पुन्हा विचारा. काही ठिकाणी माशाला मांसाहार समजत नाहीत. नाशिकच्या डिसेंबरच्या थंडीची मुलांना सवय असते, म्हणून ती युरोपची थंडीही हलक्यानं घेतात. आपली थंडी कोरडी असते आणि दुपारी ऊन येतं. तिथे साडेचारला अंधार पडतो आणि बूट ओले होतात. पाणी न शिरणारे बूट आणि लोकरीचे मोजे यांवर पैसे खर्च करा, भारी कोट उसना मिळाला तरी चालेल. खोल्यांतल्या हीटरनं घसा सुकतो. बोलणाऱ्या मुलानं दिवसभर कोमट पाणी प्यावं. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहिलेलं असावं.

पालकांशी बोलताना मुलांनाही समोर बसवा. मी तीन गोष्टी स्पष्ट सांगते. पहिली, रोज रात्री मुलगा घरी एक निरोप पाठवेल, त्याहून जास्त फोन करू नका. दोन फेऱ्यांच्या मध्ये आईनं विचारलेलं ‘जिंकलास का’ फार जड जातं. दुसरी, संध्याकाळी तिथे सामाजिक कार्यक्रम असतात आणि त्यांत दारू असते. हे लपवू नका. माझा नियम असा की मुलं कार्यक्रमाला जातील, पिणार नाहीत, जोडीनं जातील आणि जोडीनं परततील, अकरापर्यंत खोलीत असतील. हा नियम मुलांनी पालकांसमोर मान्य करायचा. कुणी त्रास दिला, अंगलगट केली, जातीवरून किंवा रंगावरून बोललं, तर आयोजकांत तक्रार ऐकायला खास नेमलेली माणसं असतात. त्यांची नावं पहिल्या दिवशीच लिहून घ्यायची. मुली बरोबर असतील तर बरोबर एक स्त्री शिक्षिका हवीच. तुम्ही आहात, हे फार चांगलं आहे.

तिसरी गोष्ट पैशांची. ज्याला परवडतं तो निघतो, ज्याला परवडत नाही तो ‘माझी इच्छाच नाही’ म्हणतो. मुलगा असं म्हणाला तर एकांतात पुन्हा विचारा. माझ्या एका विद्यार्थ्यानं दोनदा असं सांगितलं आणि मी दोन्ही वेळा ते खरं मानलं, याची खंत मला आजही आहे. गावात जाहीर वादविवाद ठेवा, माजी विद्यार्थ्यांना बोलवा, संघ काय करतो ते त्यांना समोर दाखवा. लोक मदत करतात. जमा-खर्चाचा कागद सगळ्या पालकांना सारखा द्या.

शेवटी, मुलं हरली तर. पहिल्या दिवशी ती हरतीलच असं धरून चला. सहसा नऊ प्राथमिक फेऱ्या असतात आणि दुसऱ्या फेरीपासून सारखे गुण असलेल्या संघांना एकत्र बसवतात. म्हणजे पहिल्या फेरीत चौथे आलात तर पुढची फेरी तुलनेनं तुमच्या जवळच्या ताकदीची मिळते. हे मुलांना आधी समजावून ठेवा, नाहीतर शून्य बघून ती खचतात. शेवटच्या तीन फेऱ्यांचे निकाल सांगत नाहीत. त्या रात्री मुलं कागदावर बेरजा करत बसतात, ‘या फेरीत दोन धरले तर?’ त्या रात्री कागद काढून घ्या आणि त्यांना झोपवा.

हरल्यावर पहिला अर्धा तास काही बोलू नका. खायला द्या. परीक्षकानं निकालाचं कारण सांगितलेलं असतं, ते मुलांनी ज्या शब्दांत ऐकलं त्याच शब्दांत लिहून घ्यायला सांगा. ‘परीक्षकाला कळलंच नाही’ हे वाक्य येईल. येऊ द्या. मग एवढंच विचारा की तो मुद्दा आत्ता पुन्हा मांडायचा झाला तर पहिलं वाक्य कोणतं असेल. दोघं मिळून ते वाक्य शोधू लागली की तुम्ही उठून चहा आणायला जा. ती वाक्यं मी एका वहीत जपते. निफाडच्या त्या मुलीचं कांद्याचं वाक्यही त्यात आहे.

परतल्यावर दोन आठवड्यांत या तिघांना ज्युनिअर मुलांसमोर बसवा. संघ आपल्या सगळ्यात वाईट फेरीबद्दल बोलेल आणि परीक्षक झालेला मुलगा निकाल कसा लावतात ते दाखवेल. तारीख आणि हॉल आत्ताच ठरवून ठेवा. जानेवारीत स्नेहसंमेलनं सुरू होतात आणि मग हॉल मिळत नाही.